घराला धूर लागतो: खानापूरच्या डोंगरातल्या रिकाम्या होत चाललेल्या गावांचे अनुभव

गेल्या जानेवारीत मामांना घेऊन त्यांच्या जन्मगावी जाऊन आलो. मामांचं वय ७३. १९७९ साली ते गोव्यात डिचोलीकडं खाणीवर कामाला गेले आणि तिकडचेच झाले. आता गुडघे साथ देत नाहीत, पण गाडीत बसवलं की कितीही लांब यायला तयार. "एकदा गाव दाखव, मग काही मागत नाही," हे दिवाळीपासून चाललं होतं.

पिरनवाडी, किणये, जांबोटी करत कणकुंबीला (कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात) पोचलो तेव्हा नऊ वाजले होते. मामा माउलीच्या देवळात बराच वेळ डोळे मिटून बसले. मलप्रभा इथंच उगम पावते. ती पूर्वेला जाऊन कृष्णेला मिळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच डोंगरांच्या दुसऱ्या अंगाचं पाणी म्हादईतून गोव्यात उतरतं आणि मांडवी होऊन अरबी समुद्राला मिळतं. हे मी शाळेत शिकलो होतो. मामांनी ते वेगळ्या शब्दांत सांगितलं, "आमची माणसं बी तशीच गेली बघ. निम्मी बेळगाव-पुण्याकडं, निम्मी खाली गोव्यात."

पुढं चोर्ल्याचा मोठा रस्ता सोडला. डांबर संपलं, मग खडी संपली, मग लाल मातीत दोन चाकोऱ्या उरल्या. गावाचं नाव लिहीत नाही, कारण पावसाळ्यात धबधब्यांच्या नावानं कशी गर्दी उसळते ते तुम्हाला माहीत आहे. अकरा घरं मोजली. धूर दोन घरांतून येत होता.

एका पडवीत आजी काजूच्या फांद्या मोडत बसल्या होत्या. मामांकडं बघून म्हणाल्या, "कुणाचा गा तू?" मामांनी वडिलांचं नाव सांगितलं. त्या उठल्या, जवळ आल्या, मामांची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडं वळवला आणि म्हणाल्या, "आईवर गेलाईस."

आत चौकटीजवळ एका खिळ्याला सात चाव्या टांगलेल्या होत्या. प्रत्येक चावीला वेगळ्या रंगाची चिंधी. लाल म्हणजे वरचं घर, निळी म्हणजे विहिरीजवळचं, फुलाफुलाची म्हणजे जिथली सून मुंबईला असते ते. आजींना अक्षर येत नाही, चिंध्यांवरून त्या सगळं ओळखतात. पावसाळ्यात दर आठ-पंधरा दिवसांनी त्या एकेक घर उघडतात, चूल पेटवतात, ओला पाला टाकून धूर करतात आणि तो वर आढ्यापर्यंत गेला की कुलूप लावून पुढच्या घरी जातात. "घराला धूर लागतोय बाबा. माणसं न्हाईत म्हणून धूर बी बंद केला, तर वाळवी एका पावसात वासा खातीय."

मामांचं घर खालच्या अंगाला होतं. म्हणजे जोतं होतं. भिंती कमरेएवढ्या उरलेल्या, आत रानकेळी आणि करवंदाची जाळी, कोपऱ्यात जातं, त्यावर शेवाळ. मामांनी खिशातून चावी काढली. पितळेची, झिजून गुळगुळीत झालेली. सेहेचाळीस वर्षं ती त्यांच्या ट्रंकेत होती आणि आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

आजी चावीकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "चावी घेऊन गेलास, मग धूर कोण घालणार?"

मामा परतीच्या वाटेवर जांबोटीपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

तुमच्यापैकी पुष्कळांची मुळं खानापूर तालुक्याच्या पश्चिमेला आहेत. कणकुंबी, पारवाड, चिगुळे, आमटे, चापोली, हेम्माडगा, नेरसे, गवळी, कोंगळे, पास्तोली, देगाव. काहींनी ही गावं फिरून पाहिली असतील, काही तिथं नोकरीला होते. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. कुणाचं घर बंद आहे, का बंद झालं, चावी कुणाकडं आहे. फोटो नसले तरी चालतील. हळहळ व्यक्त करायला हा धागा नाही, माहिती आणि आठवण दोन्ही हवंय.

निवृत्त शिक्षिका, खानापूर

मी नऊ वर्षं आतल्या एका गावच्या मराठी शाळेत होते. पहिल्या वर्षी चौदा मुलं, शेवटच्या वर्षी तीन. तिघंही एकाच घरातली. पहिली ते तिसरी नली-कलीचा (कर्नाटकातली खेळत शिकायची पद्धत) एकच वर्ग, त्यामुळं मी चटईवर मध्ये बसायची आणि भोवती तिघं. सगळ्यात धाकटी खडू संपला की कोळसा आणायची.

जून ते सप्टेंबर वाटेतल्या ओढ्यावर साकव असायचा. दोन ओंडके, वर आडव्या कामट्या, धरायला वेल. दर वर्षी मे अखेर गावातले पुरुष तो बांधायचे. पुरुष कमी होत गेले तसा साकव अरुंद होत गेला. शेवटच्या वर्षी तो एकाच ओंडक्याचा होता आणि मुलींच्या आजोबांनी एकट्यानं बांधला होता. मला पलीकडं नेताना ते स्वतः पाण्यात उतरून कमरेएवढ्या प्रवाहात उभे राहायचे, मी वरून जायची. मी नको म्हटलं तर म्हणायचे, "बाई, तुम्ही नाही आलात तर ही पोरं कुणाकडं बघतील?"

मोठ्या मुलीला पुढच्या इयत्तेसाठी खानापूरला नातेवाइकांकडं ठेवलं. ती गेली, मग आई तिच्याजवळ राहायला गेली, मग धाकट्या दोघी. लोक म्हणतात गाव सुटलं म्हणून शाळा बंद पडली. मी जे पाहिलं ते दोन्ही बाजूंनी होतं. पुढच्या इयत्तेची सोय जवळ असती तर ते घर आज उघडं असतं, एवढं मी खात्रीनं सांगते.

धागा काढणाऱ्यांना: आजींच्या चिंध्यांबद्दल वाचलं आणि दोन वेळा परत वाचलं.

फोंड्यात नोकरी, गाव कणकुंबीच्या पलीकडं

आमचं घर वर्षातले पाच दिवस उघडं असतं. चतुर्थीचे. आदल्या दिवशी आम्ही चार भाऊ चार ठिकाणांहून पोचतो, पहिलं काम जाळी-जळमटं काढणं, दुसरं जमीन सारवणं, तिसरं माटवी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची चौकट, बांधणं. माटवीची लाकडी चौकट वर्षभर तशीच टांगलेली असते. रानातनं कांगण्या, कवंडाळ, सुपारीचे घोस, काकडी आणून बांधली की त्या वासानं घर पुन्हा घर वाटतं. पाचव्या दिवशी विसर्जन करून आलं की त्या रिकाम्या चौकटीखाली जेवतो आणि रात्रीच निघतो.

माझ्या मुलाला गाव म्हणजे गणपती, एवढंच माहीत आहे. मे महिन्यात एकदा नेला तर विचारतो, बाप्पा नाही तर आपण कशाला आलोय?

चावी माझ्याकडं फोंड्यात कपाटात असते. आजींचं वाक्य वाचल्यापासून ती समोर टेबलावर काढून ठेवली आहे.

आमगाव भागातला, आता बेळगावात

तुम्ही सगळे घराबद्दल लिहिताय, मी गाव सोडण्याच्या दिवसाबद्दल लिहितो.

आमच्या भागात पाऊस किती पडतो ते बाहेरच्यांना पटत नाही. आमगावात एखाद्या वर्षी १०,००० मिलिमीटरच्या वर पावसाची नोंद झाली आहे. बेळगाव शहरात पडतो त्याच्या कैक पट. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात ओढे भरले की आम्ही आत आणि जग बाहेर. त्याआधी तांदूळ, मीठ, रॉकेल, काड्यापेट्या, सुकी मासळी भरून ठेवायची. गरोदर बाई असेल तर तिला मे महिन्यातच बाहेर पाहुण्यांकडं पाठवायची. हे नियम कुणी लिहिलेले नव्हते, पण कुणी मोडत नव्हतं.

जुलैत आईच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचे दोन. एक लांब बांबू कापला, त्याला घोंगडं दोन्ही टोकांना गाठ मारून बांधलं, आत आईला झोपवलं, वरून प्लॅस्टिकचा कागद. आठ जण होतो. चौघं खांद्यावर, चौघं बदलीला. बदलीतला एक जण पुढं बॅटरी घेऊन, कारण अस्वलं असतात. निसरड्या वाटेनं सात-आठ किलोमीटर. मध्ये एका ओढ्याशी पाणी उतरायची वाट बघत दीड तास थांबलो. आई आतून विचारत होती, "गुरांना कोण सोडणार सकाळी?"

गाडी लागली, दवाखाना गाठला, आई वाचली. अजून आहे, आता बाजूच्या खोलीत झोपली आहे. पण त्या दीड तासात मी मनाशी ठरवलं ते ठरवलं. दसऱ्याला घर बंद केलं.

आठ माणसं होती म्हणून आई वाचली. आज त्याच गावात रात्री दोन वाजता आठ तरणी माणसं मिळणार नाहीत. राहिलेल्यांनी काय करायचं? रस्त्याची आणि पुलाची मागणी आमच्या आज्यापासून चालू आहे. अर्जांची थप्पी माझ्याकडं आहे. काही मराठीत, बरेचसे कन्नडमध्ये लिहून घेतलेले, एकही उत्तर नाही.

मोटारसायकलवरून फिरणारा, पुणे

मला एक चूक कबूल करायची आहे. तीन वर्षांपूर्वी चोर्ला घाटातून परतताना आम्ही चौघे आत एका वाडीत शिरलो. कुणी दिसेना. एका घराचं दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. मी आत जाऊन फोटो काढले. चूल, भिंतीवर टांगलेलं इरलं, कोनाड्यात देवाचा टाक आणि वाळलेलं फूल. 'सोडून दिलेलं गाव' असं लिहून ते सगळीकडं टाकले.

दोन महिन्यांनी एका मुलीचा निरोप आला. ते तिच्या आजोबांचं घर होतं. आजोबा त्या दिवशी गुरं घेऊन रानात गेले होते. देवाच्या कोनाड्यापुढं मी बूट घालून उभा होतो, ते फोटोत दिसत होतं. तिनं रागानं काही लिहिलं नव्हतं. एवढंच की, आमचं घर सोडलेलं नाही.

फोटो काढून टाकले. पुढच्या हिवाळ्यात जाऊन आजोबांची भेट घेतली. त्यांनी नाचणीची आंबील दिली आणि विषय काढलाच नाही. आता कुठल्याही वाडीत शिरताना मी गाडी बाहेर बंद करतो आणि हाक मारतो. उत्तर नाही आलं तर परत फिरतो.

पास्तोली-गवळी भागातली लेक, दिलेली हलशीकडं

वरच्या भाऊंनी आईबद्दल लिहिलं ते वाचून रडू आलं. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे.

२०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं, साधारण १९० चौरस किलोमीटरचं. आमची माहेरची गावं त्याच्या आत आली. तेव्हापासून घरात एकच चर्चा, उठायचं की राहायचं. आता स्वखुशीनं बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला १५ लाख रुपये देतात. आधी १०, घर सोडल्यावर ५. २०२५ मध्ये तळेवाडीच्या २७ कुटुंबांना पहिला हप्ता मिळाला. आमच्या भावकीत त्यावरून दोन तट पडलेत.

थोरला भाऊ म्हणतो, पोरींची लग्नं जमत नाहीत. रस्ता नाही, लाइट नाही, तिथं कोण मुलगी देईल आणि कोण सोयरीक करायला चालत येईल? तो चुकीचं बोलत नाही. धाकटा म्हणतो, १५ लाखांत खानापूरजवळ जागा घेऊन घर बांधलं की हातात काय उरणार? शेत कुठलं? काजू, फणस, मध, शिकेकाई, हे कोण मोजून देणार? तोही चुकीचं बोलत नाही. आणि आई म्हणते, देव कुठं न्यायचे ते आधी सांगा.

आमच्याकडं गावदेवतेला वर्षातून एकदा गाऱ्हाणं घालतात. त्यात गावाच्या चारी शिवांची नावं येतात: ह्या ओढ्यापासून त्या खडकापर्यंत, त्या आंब्यापासून ह्या खिंडीपर्यंत. आईचं म्हणणं, नव्या जागी जाऊन गाऱ्हाणं घालताना शीव कुठली सांगायची? ह्याला दोन्ही भावांकडं उत्तर नाही.

एवढंच सांगते, जे बाहेर पडले त्यांना कुणी पैशाला भुलले म्हणू नका. आणि जे राहिलेत त्यांना अडाणी म्हणू नका. मी दोन्ही घरांत जेवते.

पक्षी-प्राण्यांचा अभ्यास, बेळगाव

जंगलाच्या बाजूनं थोडं बोलावंसं वाटतं. तळेवाडीच्या पुढच्या डोंगरात बारापेडेच्या गुहा आहेत. राटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ जगाला पहिल्यांदा माहीत झालं ते इथून, १९१० च्या दशकात. पुढं कितीतरी वर्षं ते जगात फक्त इथंच आहे असं समजलं जायचं. म्हादईचा उगम ह्याच जंगलात. वाघ, गवीरेडे, शेकरू, मोठे धनेश इथं आहेत. म्हणून ह्या जंगलात नवे डांबरी रस्ते नकोत, असं मला मनापासून वाटतं.

पण ह्या गुहांपर्यंत मला पहिल्यांदा नेलं ते एका गवळी धनगर काकांनी. गुहेच्या तोंडाशी ते थांबले आणि चप्पल काढून बाजूला ठेवली. म्हणाले, आत आवाज नको, ती झोपलीत. वटवाघळांसाठी चप्पल काढणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. जंगल राखायला ही माणसं हलवायची, ह्याच्याशी माझं मन त्या दिवसापासून जुळत नाही. रात्रीच्या रुग्णासाठी एक पक्का साकव आणि बारमाही चालणारी वाट, एवढ्यानं जंगलाचं काही बिघडत नाही, हे मी अभ्यासक म्हणूनच लिहितोय.

जांबोटीजवळचा दुकानदार

मोठं लिहिता येत नाही. आतल्या गावांची माणसं माझ्याकडं बाजार करतात म्हणून मला आकडा कळतो. पूर्वी मे अखेरीला एका वाडीला मिठाची तीन पोती जायची. यंदा दहा किलो गेलं. वस्तीची बस कधी बंद झाली ते लोक विसरतील, मिठाचं मी विसरणार नाही.

काही घरांच्या चाव्या माझ्या गल्ल्यातही आहेत. जाता-येता लोक ठेवतात. कुणाला विचारायचं असेल तर विचारा.

धागा काढणारा

सगळं वाचलं. मामांनाही वाचून दाखवलं, डोलीचा अनुभव त्यांनी दोनदा वाचायला लावला. त्यांच्या चुलतीला असंच नेलं होतं, १९७० च्या आसपास. ती ओढ्यापाशीच गेली. हे त्यांनी मला आजवर सांगितलं नव्हतं. खाणीवर जायचं कारण पगार, असंच आम्ही धरून चाललो होतो.

मेच्या शेवटी पुन्हा आजींकडं जाऊन आलो. पावसाच्या आधी मीठ, तेल, चहापूड आणि दोन जोड्या बॅटऱ्या घेऊन गेलो. दुसऱ्या धुराच्या घरातले काका मुलाकडं पिरनवाडीला गेलेत, परत येतील असं म्हणाल्या. तोवर एकट्याच आहेत. मी म्हटलं, आजी, सात घरं एकट्यानं? त्या म्हणाल्या, "सात कुठली, आठ. काकाची चावी बी हितंच हाय."

पायऱ्या चढताना त्या आता भिंतीचा आधार घेतात. वरच्या घरात मी त्यांच्याबरोबर गेलो. त्यांनी सांगितलं तशी चूल मांडली, आधी काजूची वाळकी काटकी, मग ऐनाचं लाकूड, वर ओला पाला. धूर आधी डोळ्यांत गेला, मग सावकाश वर चढला आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडला. आजी अंगणात उभ्या राहून वर बघत होत्या. मागच्या कोपऱ्यातून धूर येईना तेव्हा म्हणाल्या, "तिकडं कौल सरकलंय, आत पाणी जाईल." शिडी लावून मी कौल बसवलं.

फोंड्यात नोकरी, गाव कणकुंबीच्या पलीकडं

आमच्या वाडीतही एक घर अजून उघडं आहे. काकू आणि त्यांचा मुलगा. कालच जाऊन आलो. चावी दिली आणि दर महिन्याला लाकडाचे आणि त्यांच्या वेळेचे पैसे पाठवीन म्हटलं. काकूंनी लाकडाचे घेतले, वेळेचे नको म्हणाल्या. आजींच्या चिंध्यांचं त्यांना सांगितलं होतं. त्या आत गेल्या, जुन्या लुगड्याची हिरवी पट्टी फाडून आणली आणि चावीला गाठ मारता मारता विचारलं, "चतुर्थीला किती जण येणार? तेवढे तांदूळ भिजत घालते."